पाठलाग होतोय आणि कुणाला पटत नाही: नोंदवहीपासून गुन्हा दाखल होईपर्यंत

सकाळी साडेआठला नाशिकच्या सिटीलिंक बसच्या थांब्यावर तोच माणूस. संध्याकाळी क्लास सुटला की कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर तीच काळी मोटरसायकल. घरी सांगावं तर उत्तर ठरलेलं: "रस्ता सगळ्यांचा आहे, तुलाच बरा दिसतो?" मैत्रीण म्हणते, दुर्लक्ष कर. चौकीत विचारतात, "पण त्यानं नेमकं केलं काय?" आणि बोलणं तिथेच अडतं, कारण एकेक प्रसंग सुटा सांगितला तर खरोखरच किरकोळ वाटतो. कुणी थांब्यावर उभं राहिलं, कुणी दोनदा मिस्ड कॉल दिला, कुणी दुकानाबाहेर चहा पीत बसलं. पाठलागातला एकही प्रसंग एकटा उभा राहत नाही. तेच पंधरा प्रसंग तारीख-वेळेसकट एका पानावर मांडले की समोरचा गप्प होतो.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती आहे. "माझ्यावर विश्वास ठेवा" ही विनवणी बाजूला ठेवायची. नोंद करायची, आणि लोकांकडे एखादं छोटं, नेमकं काम मागायचं. विश्वास मागाहून येतो. नाही आला तरी काम पुढे सरकतं.

आत्ता कुणी मागे असेल तर

घरी जायचं नाही. त्याला घर माहीत नसेल तर आपणच दाखवून देतो. माहीत असेल तर पार्किंगमध्ये आणि जिन्यात आपण एकट्या सापडतो.

गाडीवर असाल आणि दिवसाउजेडी खात्री करायची असेल तर लागोपाठ चार वेळा डावीकडे वळा. चौकोनी फेरा मारून पुन्हा त्याच जागी येणारा दुसरा माणूस सहसा नसतो. डावीकडेच वळायचं, कारण उजवीकडे वळताना समोरच्या वाहनांसाठी थांबावं लागतं आणि तो शेजारी येऊन उभा राहू शकतो. रात्री कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांवर हा प्रयोग करू नका. सरळ उजेडाच्या आणि वर्दळीच्या जागी जा: पेट्रोल पंप, मोठ्या हॉस्पिटलचं मेडिकल, चालू असलेलं मिसळीचं हॉटेल, पोलीस चौकी. यात पंप सगळ्यांत बरा. तिथे उजेड असतो, कर्मचारी असतात आणि बहुधा कॅमेरेही असतात.

११२ लावलात की आधी जागा सांगा, बाकी नंतर. फोन मध्येच तुटला तरी जागा पोहोचलेली असते. असं बोला: "मायको सर्कल, त्र्यंबक रोड, मेडिकलच्या दारात उभी आहे. एक माणूस वीस मिनिटांपासून मागे आहे. काळी मोटरसायकल, एमएच-१५, शेवटी चार-सात. निळा शर्ट, हेल्मेट नाही." "मला खूप भीती वाटतेय" हेही खरं असतं, पण ते चौथ्या वाक्यात सांगा. फोन केल्याची वेळ वहीत लिहा, कारण त्या कॉलची पोलिसांकडेही नोंद झालेली असते आणि पुढे दोन्ही वेळा जुळवता येतात.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सी या भागात इमर्जन्सी एसओएस चालू करता येतं. पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की ११२ ला फोन जातो आणि निवडलेल्या व्यक्तींना तुमचं ठिकाण कळतं. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरायचं. हे आज घरी बसून लावून ठेवा. ऐन वेळी सेटिंग सापडत नाही.

वही

दोनशे पानी, शिवलेली वही घ्या. स्पायरलची नको, कारण "पानं फाडली असतील" असं म्हणायला जागा राहते. पेननं लिहा, मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा. व्हाइटनर वापरू नका. प्रसंग घडला त्याच दिवशी नोंद व्हायला हवी, शक्यतो तासाभरात. आठवड्यातून एकदा पानांचे फोटो काढून विश्वासातल्या एका माणसाला पाठवा. वही हरवली, कुणी फाडली, तरी काम बुडत नाही.

प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी: तारीख आणि वार, वेळ, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं किंवा कशात टिपलं गेलं, आणि तुम्ही काय केलंत.

निकामी नोंद अशी असते: "आज पुन्हा तोच घाणेरडा माणूस. मुद्दाम करतोय. काही सुचत नाही."

कामाची नोंद अशी: "मंगळवार, सकाळी ८.४२. कॅनडा कॉर्नर, सिग्नलच्या अलीकडे. काळी मोटरसायकल, एमएच-१५, शेवटी ४७. निळा शर्ट, हेल्मेट नाही. मी रस्ता ओलांडला. त्यानं गाडी वळवून पलीकडे आणून लावली. ८.५१ ला बसमध्ये चढले, तो बसच्या मागे दोन थांबे आला. पंक्चरच्या दुकानातल्या काकांनी पाहिलं. फोटो आहे. ८.५५ ला आईला फोन केला."

दुसऱ्या नोंदीत एकही विशेषण नाही. "मुद्दाम" हा शब्दही नाही, पण "गाडी वळवून पलीकडे आणून लावली" यातून तो वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. मनातलं लिहायचंच असेल तर खाली वेगळ्या ओळीत लिहा, आणि तेही मोजता येईल असं: रात्री तीनला जाग आली, क्लास बुडाला, बस सोडून रिक्षा केली, ऐंशी रुपये गेले. तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला याचा हाच हिशेब पुढे लागतो.

ज्या दिवशी काही घडलं नाही तो दिवसही लिहा: "बुधवार, काही नाही." ही ओळ फार महत्त्वाची आहे आणि बहुतेक जणी तीच गाळतात. सगळ्या पानांवर फक्त प्रसंगच असले तर वाचणाऱ्याला वाटतं, हिला सगळीकडे तोच दिसतो. रिकामे दिवस असले की दिसतं, ही बाई जे आहे तेवढंच लिहिते. शिवाय दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे लिहून सलग रिकामे दिवस निघाले, तर तेही कळलेलं बरं. भीती मात्र तरीही ओसरत नसेल तर तीही उपचार करण्याजोगीच गोष्ट आहे.

मागच्या तीन महिन्यांचं आठवून लिहायला हरकत नाही. पण त्याला वेगळं पान द्या आणि वर लिहा: "आठवणीतून, अमुक तारखेला लिहिलं." रोजच्या नोंदीत मागच्या तारखा घुसडल्या की सगळी वही संशयात येते.

पंधरा दिवसांनी वही उलटून वाचा. वार, वेळ, जागा यांत काही जुळतंय का ते पाहा. मग एकच गोष्ट बदला, एकतर वेळ, नाहीतर थांबा, नाहीतर रस्ता. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर त्याला कशावरून कळलं ते समजत नाही. बदल फक्त एका व्यक्तीला सांगा. बदललेल्या वेळीही तो तीनदा हजर दिसला तर योगायोग म्हणणं समोरच्याला जड जातं. आणि कुणालाच सांगितलं नसताना तो हजर झाला तर तुमचा फोन किंवा गाडी तपासायला हवी. त्याबद्दल पुढे.

एकदाच, स्वच्छ नकार

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ७८ व्या कलमात पाठलागाचा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत तो २०१३ साली ३५४-ड म्हणून आला होता. या कलमातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. पुरुषानं बाईच्या मागे जाऊन तिच्याशी संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं "वारंवार" झालेलं असावं लागतं, आणि तिनं "स्पष्टपणे" नको म्हटल्यानंतरही ते चालू राहिलेलं असावं लागतं. वारंवारचा पुरावा वही देते. नकाराचा पुरावा मात्र तुम्हालाच तयार करावा लागतो. याच कलमाचा दुसरा भाग तुमचं इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्क कुणी चोरून पाहत असेल त्याबद्दल आहे. तिथे नकाराची अट नाही.

माणूस ओळखीचा असेल, त्याचा नंबर असेल, तर एकच मेसेज पाठवा:

"मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. मला फोन किंवा मेसेज करू नका. माझ्या मागे, घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ नका."

एवढंच. कारण द्यायचं नाही, "सॉरी" नाही, "प्लीज" नाही, "सध्या माझी परीक्षा आहे" तर मुळीच नाही, कारण त्याचा अर्थ तो "परीक्षेनंतर या" असा काढतो. "माझा भाऊ बघून घेईल" असली धमकीही नको, ती पुढे तुमच्याच विरुद्ध वाचली जाते. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर द्यायचं नाही, शिवीनंसुद्धा नाही. चाळीस फोन घेतले नाहीत आणि एकेचाळिसावा घेतला, तर तो एवढंच शिकतो की एकेचाळीस करावे लागतात.

अनोळखी माणूस असेल तर वर्दळीच्या जागी, चार-पाच हातांवरून, कुणी ऐकेल अशा आवाजात एकदा म्हणा: "माझ्या मागे येऊ नका." कुणी ऐकलं ते वहीत लिहा.

एक अपवाद. त्यानं आधी हात उगारला असेल, ॲसिडची किंवा जिवाची धमकी दिली असेल, तर नकाराचा मेसेज एकटीनं पाठवू नका. आधी पोलीस किंवा वकील, मग मेसेज. अशा माणसाच्या बाबतीत ठाम नकार दिल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे असू शकतात.

ब्लॉक करावं का? लगेच नको. ब्लॉक केलं की पुरावा यायचा थांबतो आणि तो नव्या नंबरवरून सुरू होतो. जमलं तर नवा नंबर घेऊन तो मोजक्याच लोकांना द्या. जुनं सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये आवाज बंद करून चालू ठेवा. रोज उघडायची गरज नाही, आठवड्यातून एकदा कुणाला तरी शेजारी बसवून पाहिलं तरी चालतं. वाचून जीव हैराण होत असेल तर मात्र खुशाल ब्लॉक करा. झोप पुराव्याहून मोठी आहे.

पुरावा टिकवायचा कसा

फोटोसाठी त्याच्या मागे जाऊ नका. गाडी उभी असेल तेव्हा लांबून, दुकानाची पाटी किंवा थांब्याचं नाव चौकटीत येईल असा फोटो घ्या. कापू नका, उजळवू नका, त्यावर बाण काढू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि त्याच्या आतली तारीख-ठिकाणाची माहिती गळते. ईमेलनं पाठवा किंवा व्हॉट्सॲपवरच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या.

मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वर नंबर दिसला पाहिजे, केवळ तुम्ही सेव्ह केलेलं नाव नको. इन्स्टाग्रामवर खोटं खातं असेल तर प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, दाखवायचं नाव तो रोज बदलू शकतो. खातं रिपोर्ट करायचं ते हे सगळं साठवून झाल्यावरच. आधी रिपोर्ट केलं आणि खातं उडालं तर हाती काहीच उरत नाही. आणि स्क्रीनशॉट घेतले म्हणून मूळ चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हातात असेल तर ते काम सोपं होतं. रागाच्या भरात फोन फॅक्टरी रीसेट करणं ही सर्रास होणारी आणि भरून न येणारी चूक आहे.

सीसीटीव्हीचं काम घाईचं असतं. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीची, हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. लहान दुकानात आठवड्यातही ते जाऊ शकतं. म्हणून प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदाराकडे जा. तो चित्रण देईलच असं नाही, पण "काका, मंगळवारचं साडेआठ ते नऊ एवढं सेव्ह करून ठेवा, पोलीस मागायला येतील" एवढं बहुतेक जण ऐकतात. जाताना एक बारीक गोष्ट करा. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या फोनमधली वेळ शेजारी शेजारी पाहा. डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा दहा-वीस मिनिटं मागेपुढे असतं. वहीत ८.४२ आणि चित्रणात ८.२९ असलं की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. फरक आधीच लिहून ठेवला असेल तर तो मुद्दाच उरत नाही.

चिठ्ठ्या, फुलं, भेटवस्तू परत करायला जाऊ नका. कागदी पाकिटात घाला, वर तारीख लिहा, बाजूला ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते.

फोन आणि गाडी

त्याला तुमच्या नव्या वेळा कळत असतील तर आधी सोप्या जागा बघा. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडा. तिथे तुमचा नसलेला संगणक दिसला तर स्क्रीनशॉट घ्या आणि मग लॉग आउट करा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते दिसतं. गूगल मॅप्समध्ये "लोकेशन शेअरिंग" पाहा, जुन्या ओळखीत कधीतरी चालू केलेलं तसंच राहिलेलं असतं. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन जागी अनोळखी ॲप आहे का बघा, चोरून पाहणारी ॲप्स बहुधा तिथली परवानगी घेतात. आयफोनवर "सेफ्टी चेक" हा पर्याय आहे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासातल्या फोनवरून. ज्या फोनवर संशय आहे त्याच्यावरून बदलले तर नवे पासवर्डही त्यालाच मिळतात.

गाडीत लपवायच्या दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली ब्लूटूथ टॅग, जाडसर नाण्याएवढी, पर्सच्या अस्तरात किंवा डिक्कीतल्या कापडाखाली सहज मावते. आयफोन अशा टॅगचा इशारा आपोआप देतो. अँड्रॉइडमध्ये "अननोन ट्रॅकर अलर्ट्स" मधून हातानं शोध घेता येतो. दुसरी सिम कार्डवर चालणारी जीपीएस पेटी, जी गाडीच्या बॅटरीला तारेनं जोडतात. ती ब्लूटूथच्या शोधात सापडत नाही. स्कूटरमध्ये सीटखाली, पुढच्या पॅनेलच्या आत, बॅटरीजवळ आणि पाय ठेवायच्या फळीखाली बघावं लागतं. ओळखीच्या मेकॅनिकला "बॅटरीला कंपनीबाहेरची एखादी तार जोडलीय का बघा" एवढंच सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

सापडलं तर फेकू नका. जागेवरच फोटो घ्या, वेळ लिहा, रुमालानं धरून काढा आणि कागदी पाकिटात घालून पोलीस ठाण्यात द्या. ॲपलचा एअरटॅग असेल तर तो फोनला टेकवला की त्याचा अनुक्रमांक दिसतो, काही वेळा मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे आकडेही. त्या पडद्याचाही फोटो घ्या. तो काढला की त्याला कळेल हे धरून चाला, आणि त्या रात्री एकटीनं राहू नका.

घरच्यांशी बोलताना

बऱ्याच मुली घरी सांगत नाहीत त्याचं कारण विश्वासाच्याही आधीचं असतं. सांगितलं तर क्लास बंद होईल, नोकरी सुटेल, स्थळं बघायला सुरुवात होईल. ही भीती पोकळ नाही. म्हणून सगळ्या घराला एकदम सांगू नका. एक माणूस निवडा, आत्या, मावशी, वहिनी, मोठा भाऊ, कुणीही, जो ऐकल्यावर आधी ओरडत नाही. वही त्याच्या हातात द्या आणि शांतपणे वाचू द्या. मग काम मागा: "मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठला गॅलरीत उभी राहा, मी थांब्यावर जाईपर्यंत. काळी गाडी दिसली तर नंबर लिहून ठेव." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पटवावं लागत नाही, आणि तो पुढे साक्षीदारही होतो.

सोसायटीच्या वॉचमनला त्याचं नाव-गाव सांगायची गरज नाही. गाडीचा नंबर द्या आणि सांगा: "कुणीही माझं नाव घेऊन विचारलं तर फ्लॅट नंबर सांगायचा नाही, मला फोन करायचा." पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता फाडूनच खोकं टाका.

"दोन-चार पोरं पाठवून समज देऊ" या सूचनेला ठाम नकार द्या. मारहाण झाली की गुन्हा तुमच्या भावावर दाखल होतो आणि तोवर जमवलेलं सगळं "दोन्हीकडची भांडणं" या एका शब्दात बुडतं. त्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, किंवा "शेवटचं एकदा भेटून समजावते" म्हणून जाणं, तेही नकोच.

पोलीस ठाण्यात

नाशिक शहरात गंगापूर, सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, सातपूर, अंबड, इंदिरानगर, मुंबई नाका, उपनगर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प ही ठाणी पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडचं नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे जातं. घर सिडकोत, नोकरी सातपूरला आणि पाठलाग द्वारकेला, असं असेल तर "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकायला मिळतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या आणि शांतपणे दाखवा.

जाताना एका पानाचा अर्ज न्या. वही तुमच्याकडेच ठेवायची, तिच्या पानांच्या झेरॉक्स अर्जाला जोडायच्या. पहिल्या परिच्छेदात कोण, कधीपासून, किती वेळा. दुसऱ्यात नकार कधी आणि कसा दिला. तिसऱ्यात नकारानंतरचे सगळ्यांत ठळक चार-पाच प्रसंग, तारीख-वेळेसकट. शेवटी मागणी: "भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा दाखल करावा, आणि सोबतच्या यादीतल्या ठिकाणांचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यास सांगावं." अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती परत आणा. पोहोच नसलेला अर्ज दिला तरी न दिल्यासारखाच.

तिथले तीन शब्द वेगवेगळे आहेत हे लक्षात असू द्या. "अर्ज घेतला" म्हणजे गुन्हा दाखल झालेला नाही. "एनसी केली" म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद केली. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात, त्यामुळे एनसीवर समाधान मानू नका. एफआयआर झाली की तिची प्रत तुम्हाला मोफत मिळते. या कलमाखालचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा असतो. सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. "त्रास देतो" असं मोघम लिहिलं असेल तर "मी स्पष्ट नकार दिल्यानंतरही वारंवार पाठलाग करतो" असं करून घ्या. या एका वाक्यावर कलम उभं राहतं.

तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. "चौकशी करतो" असं म्हटलं तर विचारा, "चौदावा दिवस कोणत्या तारखेला येतो?" आणि ती तारीख तिथेच वहीत लिहा.

"बोलावून समज देतो" हाही पर्याय पुढे येईल. काही प्रकरणांत तेवढ्यानं थांबतं. मान्य असेल तर त्याची स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा, आणि "माझी आता तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. थांबला नाही तर हीच नोंद तुमच्या बाजूनं बोलते.

दाद लागली नाही तर अर्जाची प्रत जोडून पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तरी हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. त्यासाठी वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन सखी वन स्टॉप सेंटर या महिलांच्या मदत केंद्राशी जोडून देते. फक्त ऑनलाइन छळ असेल तर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते.

माणूस कामाच्या ठिकाणचा असेल, मग सातपूर-अंबडच्या कारखान्यातला असो की दुकानातला, तर पोलिसांसोबत तिथल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडेही तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नवरा, विभक्त नवरा किंवा सोबत राहिलेला जोडीदार असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागा, त्यात घराजवळ, कामाजवळ येण्याला आणि फोन करण्याला बंदी घालता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू होऊ शकतो, आणि तिथे तिनं नकार दिला होता का हा प्रश्नच येत नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर

पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. पण पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो त्याच दिवशी बाहेर येऊ शकतो. हे आधीच माहीत नसलं की त्या संध्याकाळी पायाखालची जमीन सरकते. तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करा की सुटताना मला कळवा. पुढचे दोन आठवडे येण्याजाण्याच्या वेळा बदला आणि सोबत ठेवा. त्रास चालूच राहण्याची शक्यता असेल तर चॅप्टर केसची मागणी करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. वही चालूच ठेवा. जामिनावर असताना केलेला प्रत्येक फोन तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी, लेखी कळवा.

झोप उडाली असेल, घास उतरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे गेलात तर खरं कारण सांगा आणि केस पेपर जपून ठेवा.

आणि हे वाचणारी व्यक्ती आई, भाऊ, मैत्रीण किंवा वरिष्ठ असेल, जिला कुणीतरी येऊन हे सांगितलंय, तर "नक्की तोच होता का?" हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. "किती वाजता? कुठे? उद्या त्याच वेळी मी तिथे येऊ का?" असं विचारा, आणि खरंच दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. तिच्या शेजारी उभं राहू नका, रस्त्याच्या पलीकडे थांबा. तिथून मागे येणारा दिसतो, आणि गाडीचा नंबरही वाचता येतो.